बिरागोचं पाणी

अडुमकेसे गावात अनानेला नावानं कुणी हाक मारत नसे. त्याला ‘दोन बोटं’ म्हणत. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की पोरं उजव्या हाताची दोन बोटं आडवी धरून नाचवत. बायका अंगणातल्या पिंपातून रबरी नळी ओढून काढत आणि पाठीमागे लपवत. तो वळणापलीकडे गेला की नळी पुन्हा पिंपात.

पाणीपुरवठा कचेरीत तो सव्वीस वर्षं फिटर होता. गळके नळ बदलणं, चाव्या फिरवणं हे तर सगळेच फिटर करतात. अनानेचा जीव मात्र नळाचं तोंड आणि खालच्या भांड्याचा काठ यांच्यामधल्या रिकाम्या जागेत अडकला होता. तो नळाखाली वाकायचा. दोन बोटं आडवी जोडून त्या जागेत सरकवायचा. बोटं मावली तर मान हलवून पुढं जायचा. मावली नाहीत, किंवा नळाला नळी जोडून तिचं टोक पाण्यात बुडवलेलं असलं, तर खिशातून चाकू काढायचा आणि नळी कापून खांद्यावर टाकून घेऊन जायचा.

“लग्न झालं तेव्हा बायकोपासूनसुद्धा दोन बोटं लांब झोपला होता म्हणे,” लॉरी थांब्यावरचे लोक म्हणत.

अनाने हसायचा. त्याचा एक दात सोन्याचा होता, तो दिसायचा.

उमेदवारीत असताना तो एका कोकोच्या बागेत कामाला होता. तिथं कुणीतरी फवारणीचं औषध कालवायला पिंपात नळी सोडली आणि जेवायला गेलं. तेवढ्यात उताराला मोठी लाइन फुटली. लाइनीतला जोर गेला, आणि नळीनं पिंपातलं औषध उलटं ओढून घेतलं. दुपारी शाळेच्या नळाला पांढरं पाणी आलं. तीन मुलं प्यायली. त्यातलं एक अनानेनं खांद्यावरून दवाखान्यात न्यायला घेतलं होतं. ते वाटेतच गेलं. हे तो गावात कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तर लोक कदाचित कमी हसले असते. कदाचित नसतेही.

त्याच्याशी उघड भांडणारी एकच. अडोमा. लॉरी थांब्याजवळ तिचं केस धुण्या-विंचरण्याचं दुकान होतं. तिची नळी त्यानं तीनदा कापली. तिसरी निळी होती, तिच्यावर पिवळा पट्टा होता. कुमासी शहराच्या बाजारातून तिनं खास आणली होती.

“ने, ने,” ती ओरडली. “आता गिऱ्हाइकाच्या डोक्यावर थुंकून साबण काढते.”

“मगानं पाणी घाल, अडोमा.”

“मगानं तुझ्या आईला घाल!”

“तिलाही मगानंच घालतो मी,” अनाने म्हणाला. सगळं दुकान हसलं. अडोमाही हसली. पण ती विसरली नाही.

गावाच्या वर, टेकडीवर, दवाखान्याचं शवागार होतं. अंत्यविधी थाटात व्हायचे तर नातेवाईक गोळा होईपर्यंत माणूस महिना महिना तिथं थंडीत पडून असायचा. विधीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, कुळातल्या म्हाताऱ्या बायका त्याला सिमेंटच्या हौदीत धुवायच्या. त्या हौदीवरचा नळ अनानेनं स्वतः कापून वर घेतला होता. दोन बोटं नव्हे, वीतभर. तेवढ्यानंही त्याला झोप लागत नव्हती. शवागाराच्या लाइनीवर एक पितळी व्हॉल्व्ह बसवावा असं त्यानं कुमासीच्या मुख्य कचेरीला लिहिलं होतं. पाणी पुढं जाऊ देणारा, मागं येऊ लागलं की दार लावून घेणारा. अकरा पत्रं लिहिली. एकदा उत्तर आलं. ‘नोंद घेतली आहे.’

शवागाराचा राखणदार तेनकोरांग त्याला म्हणायचा, “मेलेल्यांना कशाला घाबरतोस? हे कुणाला चावत नाहीत.”

“मी त्यांना घाबरत नाही. मी नळीला घाबरतो.”

तिथल्या रीतीप्रमाणे अनाने आपल्या आईच्या घरी राहत होता. बायको तिच्या आईच्या घरी राही आणि संध्याकाळी झाकलेल्या पातेल्यातून फुफूचे, कुटलेल्या कंदांचे, गोळे पाठवी. आईचं नाव बिरागो. चाळीस वर्षं तिनं लॉरी थांब्यावर बाजरीची पेज विकली. ती प्रत्येक वाडगा तीनदा विसळायची. गिऱ्हाईक घाईत असलं तरी तीनदा. गावातला निम्मा पुरुषवर्ग तिच्या पेजेवर वाढला होता. ‘बिरागोच्या हातचं’ म्हटलं की ते स्वच्छ, असं गाव समजून चाले.

ती गुरुवारी भर दुपारी गेली. घरात कुणी नव्हतं. तिची धाकटी बहीण पोकुआ शेतावर होती. अनाने अडोमाच्या दुकानात निळी नळी कापत होता.

मरणाऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी कुणीतरी घालायचं असतं. पुढची वाट चढाची, आणि त्या वाटेवर ओढा नाही. अनाने घरी आला तेव्हा आईचं तोंड उघडं होतं. त्यानं वाकून पाहिलं. जीभ कोरडी होती. उशाशी मातीचा माठ भरलेला होता. तिचा हात त्याच्या दिशेनं पसरलेला होता.

पोकुआमावशी दारात उभी राहून म्हणाली, “साऱ्या गावाचं पाणी बघत फिरतोस. हिचं कोण बघणार होतं?”

त्यानंतर पाच आठवडे ती हेच म्हणत राहिली. जेवताना, अंगण झाडताना, शोकाला येणाऱ्या प्रत्येकासमोर. अनाने ऐकून घ्यायचा. त्या दिवसांत त्यानं एकही नळी कापली नाही.

शुक्रवार उजाडला. खाली मैदानात मांडव उभे राहिले. बादूमामा, आईचा भाऊ आणि कुळाचा प्रमुख, काळं वस्त्र खांद्यावर घेऊन खुर्च्या मोजायला उभा होता. कुमासीहून दोन लॉऱ्या भरून पाहुणे येणार होते. वर शवागारात पोकुआमावशी आणि दोघी म्हाताऱ्या बिरागोला घेऊन आत गेल्या. धुताना पुरुषांनी आत जायचं नसतं. अनाने भिंतीबाहेर तेनकोरांगबरोबर थांबला.

थोड्या वेळानं मावशी दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

“तो नळ कसा गुरकावतोय ऐकलंस? वरनं धबाधबा पडतंय तिच्या छातीवर. मोटार धुतात तसं.”

“राहू दे मावशी. तो तसाच असायला हवा.”

“का?”

“नियम आहे.”

“कुणाचा?”

अनाने म्हणाला, “माझाच.”

आतल्या दोघी हसल्या. मावशी हसली नाही. “ती तहानलेली गेली, अनाने. आणि आता तिच्या अंगावर वरनं पाणी फेकतोयस. नळी आण. पाणी गुपचूप यायला हवं तिच्यापाशी. पायाकडून हळूहळू वर. किती प्यायचं ते तिला ठरवू दे. तेवढं तरी कर.”

अनानेनं तेनकोरांगकडं पाहिलं.

“माझ्याकडं बघू नकोस,” तेनकोरांग म्हणाला. “इथं नळी नाही म्हणून चार वर्षं शिव्या खातोय मी. तुझ्या नावानं.”

कचेरीची कोठी टेकडीच्या अर्ध्या वाटेवर होती. कापून आणलेल्या नळ्यांचा तिथं कमरेइतका ढीग होता. अनानेनं त्यातली सगळ्यात लांब उचलली. निळी, पिवळ्या पट्ट्याची. एकच सकाळ, त्यानं मनाशी म्हटलं. मी चावीपाशी उभा राहीन. शवागाराच्या लाइनीची चावी भिंतीबाहेरच होती. लाइन वाहत असली की पाइप गुणगुणतो. गुणगुण थांबली की चावी बंद. एवढं कोण चुकतं?

त्यानं नळी मावशीच्या हातात दिली. बाहेर येऊन एक हात पाइपवर ठेवला, एक चावीवर.

पाणी गुपचूप चढत गेलं. आत बायका गात होत्या. बिरागोच्या पेजेबद्दलचं गाणं होतं, तिनं विसळलेल्या वाडग्यांबद्दलचं. अनानेला बरं वाटत होतं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

मग तेनकोरांगच्या खोलीतला रेडिओ बंद पडला. वीज गेली होती. वीज गेली की पंप थांबतो. हाताखालचा पाइप गुणगुणायचा थांबला, आणि क्षणभरानं त्यातून वेगळाच आवाज येऊ लागला. कुणीतरी घोट घ्यावा तसा.

आतलं गाणं थांबलं.

“बघ! बघ गं!” मावशी ओरडली. “पाणी कमी होतंय!”

“खांदा उघडा पडला तिचा!”

“पितेय! बिरागो पितेय!”

तिघी रडू लागल्या. हसूही लागल्या. “पी गं बाई, पी. पोटभर पी. लेकानं आणलंय.”

अनानेचा हात चावीवर होता. काय चाललंय ते त्याच्याइतकं त्या गावात कुणालाच कळलं नसतं. लाइन रिकामी होत होती, उतारावरचे नळ तिला ओढत होते, आणि निळी नळी हौदीतलं पाणी ओढत होती. पाच आठवड्यांच्या प्रेतावरचं, प्रेत टिकवायच्या औषधाचं पाणी. त्यानं चावी फिरवली नाही. वीस श्वास तो तसाच उभा राहिला. हा आकडा त्यानं स्वतःच पुढं सांगितला.

मग फिरवली.

तो टेकडी धावत उतरला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, शोकाच्या काळ्या वस्त्रात. वस्त्र वाटेत सुटलं, ते त्यानं काखेत धरलं. पायथ्याशी नळकोंडाळं होतं. थंड पाणी विकणाऱ्या मुली तिथं पिशव्या भरून गाठी मारत होत्या. अंत्यविधीचे दिवस म्हणजे त्यांचा हंगाम. नळाला बारीक धार होती. अडोमा दोन बादल्या घेऊन रांगेत उभी होती.

“ओता!” अनाने म्हणाला. “सगळं ओतून द्या.”

“का?”

“लाइन फुटली. माती आलीय.”

“माती होय?” अडोमा म्हणाली. “निवळून घेऊ. रोजच खातो.”

मुलींनी माना डोलावल्या आणि गाठी मारणं चालू ठेवलं. एका मुलीची टोपली अर्धी रिकामी होती. ती मैदानाकडून परत आली होती.

अनाने त्या टोपलीकडं पाहत राहिला. मातीचं पाणी लोक ओतत नाहीत. बाजूला ठेवतात, वरचं घेतात. त्याला ते ठाऊक होतं. सव्वीस वर्षं तो याच लोकांची पिंपं बघत आला होता.

“माती नाही,” तो म्हणाला. “वर माझ्या आईला धुतायत. त्यातलं आलंय हे.”

एका मुलीच्या हातातली पिशवी पडून फुटली. पाणी सगळ्यांच्या पायांवर गेलं आणि सगळ्या किंचाळत मागं सरल्या.

अडोमा पुढं आली. “कसं आलं?”

“नळी लावली होती.”

“कुणी?”

“मी.”

अडोमा टेकडी चढली. तिच्यामागून वीसेक बायका. शवागारात पुरुष जात नाहीत, बायकांना कोण अडवणार? हौदीच्या काठावरून निळी नळी लोंबत होती. अडोमानं तिचं टोक उचलून पाहिलं. पिवळा पट्टा पाहिला. मग ती दारात येऊन इतक्या मोठ्यानं म्हणाली की खालच्या मांडवात ऐकू गेलं :

“ही माझी नळी! हिनं माणसं मरतील म्हणून कापून नेली होती यानं. आता हिनंच आम्हाला आई पाजली!”

पोकुआमावशी कोपऱ्यात उभी होती. “आम्ही म्हाताऱ्या बायका,” ती म्हणाली. “आम्हाला काय कळतंय नळीतलं? त्यानंच आणली. विचारा त्याला.”

विचारलं. अनाने म्हणाला, “हो. मीच आणली.”

मैदानात बादूमामाच्या हातात रिकामी पिशवी होती. उन्हात खुर्च्या मोजून तो दमला होता, दोन पिशव्या प्यायला होता. बातमी त्याच्यापर्यंत तोंडातोंडी आली आणि वाटेत फुगली. तो एकेकाला विचारत सुटला, “मी काय प्यालो? अरे, मी काय प्यालो?” सगळे दुसरीकडं बघू लागले. मग तो ओणवा झाला आणि स्वतःच्या काळ्या वस्त्रावरच ओकला.

अनाने त्याला धरायला गेला.

“हात लावू नकोस,” बादूमामा म्हणाला. तोंड पुसून तो सरळ उभा राहिला. “गप्प बसता येत नव्हतं तुला? लोकांची दोन दिवस पोटं बिघडली असती. आता तिचं नाव बिघडलं. ते कोण निवळून देणार?”

“मामा, लोक प्यायले असते.”

“प्यायले असते! मी प्यालोच की. मेलो का?”

अकरा जणांना दवाखान्यात नेलं. तिघांची तोंडं आतून सोलली होती. बाकीच्यांना नुसतीच किळस भोवली होती. चार दिवसांनी अकराही जण घरी आले. वेळेवर कळलं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी फक्त नर्सला सांगितलं.

शनिवारी बिरागोला पितळी पलंगावर निजवलं. अंगावर तिचं सगळ्यात चांगलं, रंगीत पट्ट्यांचं केंटे वस्त्र होतं. हातात पेजेचा वाडगा दिला होता, कोरा. मांडवाखाली तीनशे खुर्च्या होत्या. कुमासीच्या लॉऱ्या थांब्यावर आल्या, लोकांनी ऐकलं, आणि लॉऱ्या तिथूनच वळल्या. ढोलवाले ढोल उचलून गेले. चाळीस वर्षं तिची पेज प्यायलेल्यांपैकी कुणी पलंगापाशी फिरकलं नाही. नऊ माणसांनी तिला पुरलं. त्यातला एक तेनकोरांग होता, आणि तो नाकाला फडकं बांधून आला होता.

सोमवारी थंड पाणी विकणाऱ्या मुलींची नवी हाळी ऐकू आली. “थंड पाणी! थंड पाणी! बिरागो नसलेलं!” लोक हसत आणि विकत घेत. महिन्याभरात त्यात हसण्यासारखंही काही उरलं नाही. ती नुसती हाळी झाली. लहान मुलांना बिरागो नावाची बाई होती हेही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी बिरागो म्हणजे पाण्यातली घाण.

कचेरीचं पत्र आलं. ‘नळाचे तोंड व पाण्याची पातळी यांत किमान अंतर न राखल्याबद्दल सेवेतून कमी करण्यात येत आहे.’ अनानेनं ते दोनदा वाचलं.

“शब्द बरोबर आहेत,” तो म्हणाला. “मीच लिहून पाठवले होते.”

चार महिने गावात एकही नळी दिसली नाही. पाचव्या महिन्यात अडोमाच्या दुकानात लाल नळी आली. मग सगळीकडं आल्या. शवागारातली निळी तर कुणी काढलीच नव्हती. “सवय झाली बायकांना,” तेनकोरांग म्हणाला. अनानेकडं आता चाकू नव्हता, अधिकार नव्हता. तरी तो अंगणाअंगणात जाऊन नळाखाली वाकायचा. बायका त्याच्यावर भांड्याचं पाणी फेकत. “पी, दोन बोटं! घरचंच आहे!” तो पदपथावर येऊन अंग झटकायचा आणि पुढच्या दारात जायचा. एकदा कुणीतरी त्याच्या कुंपणावर पाण्याच्या पिशव्यांची माळ बांधली होती. प्रत्येक पिशवीवर कोळशानं डोळे काढले होते.

पोकुआमावशी त्याच घरात राहायची. दोघांत बोलणं नव्हतं. ती आपला माठ वेगळा भरायची.

शेवटच्या वर्षांत एका पोरसवद्या मित्रानं त्याला विचारलं होतं, तुम्ही खोटं का नाही बोललात?

“बोललो होतो. माती म्हणालो. माती लोक पितात.”

मग वीस श्वास चावी का फिरवली नाही?

अनाने बराच वेळ अंगठ्यानं दुसऱ्या हाताची दोन बोटं चोळत राहिला.

“ती पीत होती,” तो म्हणाला.

सातव्या वर्षी, कोरडा धुळीचा वारा सुटला तेव्हा, तो मंगळवारी सकाळी अंगणात वारला. घरात मावशी होती. तिनं म्हणे हाक ऐकली होती, पण ती माठ घासत होती.

प्रेत टेकडीवर नेलं तर तेनकोरांगनं फाटक उघडलं नाही. “याला आत घेणार नाही. गाव मला फाडून खाईल.” गाव खरंच जमलं होतं. दोन बोटांना पिणार नाही, असं जो तो म्हणत होता. अडोमा सगळ्यात पुढं होती. अनानेची सगळी भाषा तिला तोंडपाठ होती. “मागं येणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो,” ती म्हणाली. “पितळी. तो आणा आधी.” त्याच दिवशी गावची पाच माणसं कुमासीला गेली आणि मुख्य कचेरीच्या पायरीवर बसून राहिली. गुरुवारी व्हॉल्व्ह आला. नव्या फिटरनं तो तासाभरात बसवला. गावानं टाळ्या वाजवल्या.

तरीही शुक्रवारी कुणी नळ उघडला नाही. सगळ्यांनी आदल्या दिवशीच हंडे भरून ठेवले होते.

कुळातली म्हातारी आता एकच उरली होती. पोकुआमावशीनं दोन पोरींना हाताशी घेऊन त्याला हौदीत निजवलं. निळी नळी तिथंच खुंटीला होती. तिनं तिचं टोक त्याच्या पायाशी सोडलं. पाणी गुपचूप चढलं. घोट्यांवर, गुडघ्यांवर, छातीवर. हनुवटीला लागलं तेव्हा तेनकोरांगचा रेडिओ बंद पडला.

मावशीनं काठावर बसून वाट पाहिली. पाणी होतं तिथंच राहिलं. केसभरही खाली गेलं नाही.

“पीत नाही हा,” ती म्हणाली.

पोरींनी तिच्याकडं पाहिलं.

“काढा त्याला. याला तहान नव्हतीच.”